पांढरा ठिपका मी उचलला

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यातही माझा जास्त वेळ गेला तो यीस्टपाशी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तुम्ही नेमकं काय शिकवत होत्या?" यीस्ट म्हटलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे खमीर? त्याले काय शिकवाचं?"

त्यांचं चुकत नाही. माझ्या आईलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. सावलीजवळच्या आमच्या गावात आम्ही धानवाले. घरात दहावीच्या पुढं गेले ती मीच. एम.एस्सी. झाल्यावर आई शेजारणीला सांगायची, "माही पोरगी बुरशीची मास्तरीन हाय." यीस्ट हे बुरशीच्याच घराण्यातलं असल्यामुळं मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी नववीत मला सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब दाखवला नसता, तर मीही आज कुणाच्या तरी बांधीत धानाची रोपं लावत, रोवणा करत असते. त्या थेंबाचे उपकार मी अजून फेडतेच आहे.

आमचा धंदा समजून घ्यायचा तर बेकरीवाल्या हबीबभाईंपासून सुरुवात करावी. बसस्टँडजवळ त्यांची बेकरी. एका डिसेंबरात ते यीस्टचं पाकीट घेऊन तणतणत विभागात आले.

"मॅडम, नकली माल हाय हा! तीन दिवस झाले, पाव फुगूनच नाई राह्यला."

"पाणी कसं घेता?"

"कडक घेतो. एकदम कडक. थंडीचे दिवस हायेत, त्याले बी थंडी वाजत असन नं!"

उकळतं पाणी ओतून ते बिचाऱ्या यीस्टचा रोज सकाळी अंत्यविधी करत होते. मी त्यांच्यासमोर दोन पेले मांडले. एका पेल्यातलं यीस्ट थेट गरम, पण न उकळलेल्या पाण्यात टाकलं. दुसऱ्यातलं तासभर कोमट पाण्यात ठेवलं आणि मग तेवढ्याच गरम पाण्यात टाकलं. तेवढ्या वेळात हबीबभाईंनी मला पावाच्या धंद्यातल्या सगळ्या अडचणी सांगितल्या. नंतर दोन्ही पेल्यांत साखर घातली. पहिला पेला गप्प राहिला आणि दुसऱ्यावर हळूहळू फेस आला.

"गर्मी तर दोघायले सारखीच देली नं तुम्ही?" हबीबभाई म्हणाले.

"दुसऱ्याला आधी सांगून दिली."

हे सगळं यीस्टच्या पेशीच्या आत घडतं. थोडी उष्णता लागली की पेशी सावध होते. तिच्यातली प्रथिनं उष्णतेनं वेडीवाकडी होऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी मदतनीस प्रथिनं ती तयार करते. एक खास साखरही साठवते. मग मोठा ताप आला तरी टिकते. आणखी एक गंमत म्हणजे भरपूर खाऊन जोरात वाढणाऱ्या पेशी अशा तापात पटकन मरतात, आणि उपाशी, वाळलेल्या पेशी तग धरतात. मात्र ही तयारी कायमची नसते. थंडीत स्वेटर घालावा आणि ऊन पडलं की काढून ठेवावा, तसं ते असतं.

दुसरा बदल जनुकातला. तो म्हणजे हात तुटण्यासारखा. हवामान सुधारलं म्हणून तुटलेला हात परत येत नाही, आणि पेशीच्या बाबतीत तर पुढच्या सगळ्या पिढ्याही बिनहाताच्याच जन्मतात. स्वेटर आणि हात यांतला हा फरक मी प्रत्येक वर्गाला खडूनं फळ्यावर काढून शिकवला. आणि ज्या वर्षी तो माझ्या स्वतःच्या टेबलावर घडला, त्या वर्षी मला तो ओळखता आला नाही. ही हकीकत त्या वर्षाची.

सरिता माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. धानोऱ्याच्या पुढं जंगलातलं तिचं गाव, घर गोंड. थोडी शेती आणि बाकी मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक. तिच्या घरातलीही ती पहिलीच पदवीधर, त्यामुळं माझा तिच्यावर जरा जास्तच जीव होता. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिनं घरच्या वाळल्या मोहफुलांवरून एक यीस्ट वेगळं काढलं. साधं यीस्ट तिशीच्या आसपास खुशीत असतं आणि चाळीसच्या पुढं माना टाकतं. सरिताचं यीस्ट बेचाळीस अंशांवर वाढत होतं. ते एवढी उष्णता कसं सोसतं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. वर्षभर ती पोरगी त्या यीस्टमागं राबली. बाहेरून परीक्षक येणार, ते वाढलेलं यीस्ट डोळ्यांनी पाहणार आणि तोंडी परीक्षा घेणार, अशी पद्धत. त्यात पास झाली की एका संशोधन संस्थेत तिची जागा जवळजवळ नक्की होती. नापास झाली तर वर्ष जाणार आणि वसतिगृहातली खोलीही जाणार, कारण ती दोनच वर्षांसाठी मिळते. मग परत गाव.

मोहाच्या हंगामात ती पंधरा दिवस घरी गेली. फुलं पहाटे पडतात, वेचायला हात लागतात. जाताना मला म्हणाली, "मॅडम, माह्या यीस्टकडे ध्यान देजा."

मी ध्यान दिलं. जरा जास्तच दिलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती. आमचे प्रयोगशाळा परिचर देवरावभाऊ आणि मी सगळं कपाट घासूनपुसून काढलं. सरिताच्या यीस्टची जुनी नळी मला कळकट वाटली. लेबल पुसट झालेलं, आतलं अन्न महिन्याभराच्या उन्हानं सुकून तडकलेलं. तसं पाहिलं तर दर महिन्यालाच मी त्या नळीतलं यीस्ट ताज्या, गोड अन्नावर बदलत होते. ते उपाशी राहू नये ही माझी माया. त्यातच उन्हाळा लागलेला, दुपारची लाइन, म्हणजे वीज, जायची आणि आमची टिनाची खोली नुसती भट्टी व्हायची. मी नळीतलं यीस्ट काचेच्या बशीत रेघारेघांनी पसरवलं. दोन दिवसांनी बशीत ठिपके उगवले. एकेक ठिपका म्हणजे एका पेशीची सगळी लेकरं. काही ठिपके मोठे, मळकट साईच्या रंगाचे. काही बारीक, पांढरेशुभ्र.

आमच्या भागातल्या बायकांचा जन्म सुपापुढं जातो. तांदूळ निवडताना हात आपोआप पांढऱ्या दाण्याकडं जातो, पिवळट दाणा बोट झटकून टाकतं. मला वाटलं, मोठे पिवळट ठिपके म्हणजे बाहेरून शिरलेली घाण. मी तारेच्या कडीनं एक बारीक पांढरा ठिपका उचलला, नव्या नळीत लावला आणि नवं लेबल चिकटवलं. जुनी नळी, तिच्या यीस्टची होती ती एकच, आणि ती बशी देवरावभाऊंनी निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरात घातली. चार शिट्ट्यांत सगळं संपलं. समितीनं कपाट पाहून "छान" असा शेरा दिला.

सरिता परत आली ती उन्हानं काळवंडून आणि खुशीत. मला मोहाचे लाडू आणले होते. दुसऱ्याच दिवशी तिनं परीक्षकांना दाखवण्यासाठी नव्या नळीतलं यीस्ट बेचाळीस अंशांच्या पेटीत ठेवलं. तीन दिवसांनी बशी कोरी. पुन्हा लावलं, पुन्हा कोरी. तिसऱ्यांदा लावलं. तोंडी परीक्षेला चार आठवडे राहिले होते.

मी तिच्या पाठीमागून बशी पाहिली. साध्या तापमानाला ठेवलेल्या बशीत ठिपके आले होते, पण सगळे बारीक आणि पांढरे. एकसारखे. मीच शिकवलेला धडा होता तो. यीस्टच्या पेशीत श्वसनाचं एक छोटं कारखान्यासारखं अंग असतं आणि त्या अंगाची स्वतःची वेगळी जनुकं असतात. भरपूर साखर मिळत राहिली की श्वसनाशिवायही पेशीचं भागतं. अशा वेळी काही पेशींतली ती जनुकं हरवली तरी त्यांना काही अडत नाही. उष्णतेनं हरवण्याचं प्रमाण आणखी वाढतं. अशा पेशींचे ठिपके लहान राहतात आणि पांढरे दिसतात. कठीण काळ आला की त्या टिकत नाहीत.

त्या संध्याकाळी मी कुणाला न सांगता खात्रीची चाचणी लावली. साखरेऐवजी ग्लिसरीन घातलेलं अन्न. ते पचवायला श्वसन लागतंच. मंगळवारी सकाळी पाहिलं तर काही उगवलं नव्हतं. म्हणजे मी निवडलेला दाणा बिनहाताचा होता, आणि हात असलेले सगळे दाणे मी कुकरात घातले होते.

मंगळवारी मला हे कळलं. सरिताला मी ते शुक्रवारी सांगितलं.

मी विभागप्रमुख होते, मुलींना बारीकसारीक चुकांसाठी रागावणारी म्हणून नाव होतं. उद्या सांगू, असं रोज ठरवत होते. आणि सरिता माझ्यासमोर बसून स्वतःच्या वर्षभराच्या वह्या तपासत होती. आपणच पहिल्यापासून आकडे चुकीचे लिहिले, अशी तिची खात्री होत चालली होती.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, मी फॉर्म मागं घेतो. माहंच काहीतरी चुकलं. मले नाई जमलं हे. मी घरी जातो."

आमच्याकडच्या मुली "जातो, येतो" असंच बोलतात. पण त्या दिवशी तो "जातो" मला फार जड गेला.

"बस," मी म्हटलं. "तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं." आणि सगळं सांगितलं. पांढरा ठिपका, कुकर, मंगळवारची चाचणी.

तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "मंगळवारी?"

"हो."

"अन् मी बुधवारी रातभर वह्या पाहून राह्यली होती."

दाराशी उभे असलेले देवरावभाऊ खाकरले. वीस वर्षांची त्यांची नोकरी, बोलायला ते कुणाला भीत नसत. "मॅडम, कुकर मी लावला. अर्धी चूक मले द्या. पण रडून का होते? पोरीनं जिथून आनलं, तिथंच जाऊन पाहा नं."

सरिता म्हणाली, "ते मागच्या साली होतं, देवरावभाऊ. जुनी फुलं आता कुठी असतील? बाजारात गेली असतील सगळी."

तरी शनिवारी पहाटेच्या बसनं आम्ही दोघी निघालो. आरमोरी, गडचिरोली, धानोरा, आणि पुढं खच्चून भरलेली जीप. वाटेत सरिता माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला ते योग्यच वाटलं.

घरी तिची आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सारवलेल्या जमिनीवर फुलांचा पिवळसर थर होता आणि हवेत तो गोड, आंबूस वास. माझ्या हातातल्या काचेच्या नळ्या पाहून तिनं आधी लेकीला बाजूला घेतलं. पण कुजबुज मला ऐकू आली.

"सरकारी बाई हाय का वं? दारू पाहाले आली का?"

"नाई वं आई, माह्या मॅडम आहेत."

"मंग नळ्या काऊन आनल्या?"

आमच्याकडं दारूबंदी, त्यामुळं मोहफुलाची चौकशी करणाऱ्या माणसाकडं अशा नजरेनं पाहिलं जातं, त्यात तिचा काय दोष? सरितानं सगळी गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. आई ऐकत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "जास्त पोसलं तुमी त्याले. शेळीचं पिल्लू घरातच ठेवलं तर तसंच होते. बाहेर काढलं का ऊन लागून मरते." आणि लेकीला म्हणाली, "एवढी शिकली अन् शेवटी मोहाच न्यायले आली?"

सरिता इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"आई, मागच्या सालची फुलं विकली नं सगळी?"

"सगळी कोन इकते? ढोली कधी खाली करते का कोनी?"

ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली उंच कणगी. तिच्या घरची रीत अशी की ढोलीचा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही. विकायचं, खायचं, पण तळाशी चार बोटं जुनं राहू द्यायचं आणि त्यावर नवं ओतायचं. सरिता याच घरात वाढलेली. रोजचीच गोष्ट असल्यामुळं ती तिच्या लक्षातच आली नव्हती.

आईनं पदर खोचला, ढोलीत अर्धी वाकली आणि वरची फुलं उपसायला लागली. बऱ्याच वेळानं तळ लागला. मूठभर फुलं वर आली. काळी पडलेली, मनुक्यासारखी आकसलेली, खड्यासारखी कडक. टिनाखालचा सगळा उन्हाळा, सगळा हिवाळा, पाण्याचा थेंब नाही. आम्ही उकळून घेतलेल्या चिमट्यानं ती एकेक करून स्वच्छ नळ्यांत भरली.

"यात जिवंत असन का काही?" आईनं विचारलं.

"असलं तर यातच असेल," मी म्हटलं. ते मी तिच्या समाधानासाठी बोलले नव्हते.

परत आल्यावर एकोणीस दिवस हातात होते. फुलं भिजवली, बशा पसरवल्या. पहिल्या खेपेला नुसती हिरवी बुरशी आली. दुसऱ्या खेपेला यीस्टचे ठिपके दिसले. उचलायची वेळ आली तेव्हा मी कडी सरिताच्या हातात दिली आणि मागं सरले. तिनं मोठे, मळकट साईच्या रंगाचे ठिपके निवडले. प्रत्येक ठिपका आधी ग्लिसरीनवर लावला आणि तिथं जे वाढले ते बेचाळीसच्या पेटीत ठेवले. दुपारी लाइन गेली तसे देवरावभाऊ पेटीवर गोधडी टाकत म्हणाले, "राहू द्या मॅडम, पेटी बंद पडली तरी काय बिघडते? खोलीच बेचाळीसवर हाय."

तिसऱ्या दिवशी सरितानं पेटी उघडली. सगळ्या बशांपैकी दोन बशांत दाट, ठसठशीत वाढ होती. ती ओरडली वगैरे नाही. बशी तिनं माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "मॅडम, पाहा." तेवढंच. पण त्या दिवसापासून आमचा चहा पुन्हा एकत्र व्हायला लागला.

प्रबंधात तिनं एक नवं प्रकरण घातलं. बिनहाताचं पांढरं यीस्ट आणि ढोलीतलं यीस्ट, दोघांनाही आधी कोमट उष्णता दिली आणि मग मोठी. ढोलीतलं तगलं. पांढऱ्याला कितीही तयारी करून दिली तरी त्याची वाढ बेचाळीसवर परत आली नाही. स्वेटर आणि हात यांतला फरक तिनं आकड्यांत मांडला. ते प्रकरण माझ्या चुकीमुळंच जन्मलं. त्यात तिनं एक वाक्य लिहिलं होतं, "संवर्धन बदलताना अनवधानानं लहान ठिपक्याची निवड झाली." कुणी केली ते लिहिलं नव्हतं. मी ते वाक्य वाचलं आणि पान उलटलं. तेही नोंदवून ठेवते.

परीक्षक नागपूरहून आले. मितभाषी गृहस्थ. त्यांनी आधी बशा उजेडात धरून पाहिल्या आणि विचारलं, "हे तुमचं मागच्या वर्षीचंच यीस्ट आहे?"

"ते मला सांगता येणार नाही, सर. तेच आहे असा पुरावा माझ्याजवळ नाही. त्याच ढोलीतलं आहे आणि बेचाळीसवर वाढतं, एवढं दाखवू शकते."

त्यांनी मान डोलावली. काहीतरी लिहिलं. मग प्रबंधाचं ते पान काढलं. "अनवधानानं निवड झाली म्हणता. कोणाकडून झाली? उमेदवाराच्या हातून अशी चूक झाली असेल, तर मला त्याचा विचार करावा लागेल."

सरितानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आमच्या प्रयोगशाळेतून झाली, सर."

"प्रयोगशाळेला हात नसतात," ते म्हणाले.

मार्गदर्शकानं तोंडी परीक्षेत मध्ये बोलायचं नसतं. मी उभी राहिले. "माझ्याकडून झाली, सर. सरिता त्या वेळी गावी होती. लहान ठिपका मी उचलला आणि मूळ नळीही मीच नष्ट करायला दिली. मला कळल्यानंतरही तीन दिवस मी तिला सांगितलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी विचारलं नव्हतं. ते त्यांच्यासाठी नव्हतंच. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, "बसा मॅडम," म्हणाले आणि सरिताला पुढचा प्रश्न विचारला. नंतरचा पाऊण तास ती सरळ, स्वच्छ उत्तरं देत राहिली आणि मी खाली मान घालून ऐकत राहिले. इतकं हलकं मला नोकरीत क्वचितच वाटलं असेल. उठताना त्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि संस्थेत गेल्यावर तो पांढरा वाण सोबत न्यायला सांगितलं. म्हणाले, "त्यावर अजून बरंच काम आहे."

बाहेर व्हरांड्यात सरितानं मला गाठलं. रागात होती.

"मॅडम, तुमी काऊन बोलल्या? मी घेतलं होतं नं सांभाळून!"

"म्हणूनच बोलले," मी म्हटलं.

मग तिनं फोन काढला, आईला लावला आणि स्पीकर चालू करून आमच्या दोघींच्या मधे धरला.